आकडा बरा आला, मग गोळी कशाला?

भिवंडीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे ७२ वर्षांचे. उमेदीची सारी वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात गेली, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. तीन वर्षांपूर्वी रक्तदाब १७८/९६ निघाला, तेव्हापासून ॲम्लोडिपिनची गोळी सुरू झाली. पुढे तिच्या जोडीला टेल्मिसार्टन आली. गेल्या दिवाळीच्या सुमारास तपासणीत १२८/७६ असा आकडा आला आणि सासऱ्यांनी घरात जाहीर केले, “मी बरा झालो.” गोळ्या कपाटात गेल्या. दीड महिन्याने सूनबाईंनी घरच्या यंत्रावर मोजले, तो वरचा आकडा १७० च्या पुढे! सासऱ्यांना मात्र ना डोकेदुखी, ना चक्कर. “यंत्रच बिघडले असेल,” हा त्यांचा निष्कर्ष. सासूबाईंनी कोणाच्या तरी सांगण्यावरून सर्पगंधेचे चूर्ण सुरू केले आहे. शेजाऱ्यांनी बजावले आहे की, या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. पत्राच्या अखेरीस ताईंनी विचारले आहे, “मी त्यांना समजावू तरी काय?”

ताई, आपल्या सासऱ्यांना त्यांच्याच धंद्यातली गोष्ट सांगून पाहा. माग सुरळीत चालतो आहे, म्हणून त्याला तेल देणे कोणी जॉबर बंद करतो काय? १२८/७६ हा आकडा त्या दोन गोळ्यांनी आणलेला होता. वाढत्या वयाबरोबर रोहिण्यांच्या भिंती ताठर होतात; हृदयाने रक्त ढकलले की त्या पूर्वीसारख्या प्रसरण पावत नाहीत आणि वरचा आकडा चढतो. ॲम्लोडिपिन या भिंतींतील स्नायू सैल करते. रोहिण्या आकुंचित करणारे एक द्रव्य शरीरातच तयार होते, त्याचे काम टेल्मिसार्टन रोखते. पुष्कळांना तिसरी, लघवीवाटे मीठ व पाणी काढणारी गोळी लागते. यांतील कोणतीही गोळी रोहिणी पुन्हा तरुण करीत नाही. ॲम्लोडिपिनचा अंमल शरीरातून हळूहळू ओसरतो, त्यामुळे ती सोडल्यावर पहिले काही दिवस आकडा फारसा हलत नाही आणि माणसाची समजूत अधिकच पक्की होते.

त्रास होत नाही, हे तर या विकाराचे मुख्य लक्षणच म्हणावे लागेल. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांवर वाढलेला दाब वर्षानुवर्षे मुकाट्याने आघात करीत असतो. पहिली जाणीव पुष्कळदा पक्षाघाताच्या रूपानेच होते. तोंड वाकडे होणे, एका हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर रक्तदाब मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आता सर्पगंधेविषयी. सासूबाईंना हसू नका. त्यांच्या श्रद्धेला इतिहासाचा आधार आहे आणि तो इतिहास भिवंडीपासून फार दूर घडलेला नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेचे मूळ देऊन पाहिले आणि १९४९ मध्ये आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे खरेच. परंतु रेसर्पिनने नाक चोंदते, नाडी मंदावते, जठरातील व्रण चिघळू शकतात आणि काही रुग्णांना, विशेषतः मात्रा अधिक झाल्यास, गाढ उदासीनता येते. म्हणूनच पुढे सौम्य औषधे मिळाल्यावर ते मागे पडले. शिवाय चूर्णाच्या एका चमच्यात द्रव्य किती, हे पुडीगणिक बदलते. ताईंच्या पत्रातील एक वाक्य मला खटकले: “हल्ली ते गप्प गप्प असतात.” हे वयामुळे असेल, चूर्णामुळेही असेल. चूर्ण थांबवून एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना भेटा, जुनी चिठ्ठी न्या आणि चूर्ण दिल्याचे न लपवता सांगा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून मात्र एकदम दुप्पट गोळ्या देऊ नका.

मूत्रपिंडांचा धसका पुष्कळांनी घेतलेला असतो. ती बिघडवण्यात अनियंत्रित रक्तदाबाचा वाटा मोठा आहे आणि दुसरा वाटा गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांचा. मागापुढे उभ्याने आयुष्य काढलेल्या माणसाच्या खिशात ही पाकिटे हमखास सापडतात. त्या रक्तदाबही वाढवतात. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर वा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते, हे खरे. ती तपासणी चुकवू नये. जुलाब-उलट्या होत असतील तर ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. या गोळीबरोबर ते विचारल्याशिवाय वापरू नये. साधे मीठ कमी करायचे, तर जेवताना वरून घेणे सोडावे आणि लोणचे, पापड, सुके बोंबील यांच्यावर नजर ठेवावी.

सासऱ्यांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते, तीही मूत्रपिंडे बिघडल्याची खूण म्हणून धरली गेली. ॲम्लोडिपिनने असे घोटे सुजतात. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ते आटोक्यात येते. सुजेबरोबर धाप लागत असेल वा सकाळी तोंडावर सूज दिसत असेल, तर मात्र निराळा तपास हवा.

“या वयात दीडशे-पावणेदोनशे असायचाच,” हेही पत्रात आहे. वय अधिक शंभर हा हिशेब फार जुना आणि चुकीचा. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने कमी आढळले. मात्र वृद्धांत उलट बाजूही सांभाळावी लागते. आठवड्यातून एकदा बसून आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत मोजावे. वरचा आकडा २० किंवा अधिकने घसरत असेल, तर डॉक्टरांना कळवावे. रात्री लघवीला उठताना पडून मांडीचे हाड मोडणे हीदेखील लहान आपत्ती नव्हे.

यंत्र बिघडले की नाही, हे ठरवण्यासाठी ते एकदा दवाखान्यातील मोजणीशी ताडून पाहा. घरी मोजताना शेजारच्या कारखान्याचा खडखडाट चालू असेल तर आतली खोली निवडा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, बोलू नये. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, असे सात दिवस मोजून वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल, तर दाब वाढलेलाच समजावा.

खर्चाची काळजी ताईंनी उघडपणे लिहिली नाही, पण ती ओळींमागे दिसते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, भिवंडीत स्व. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे जाऊन या गोळ्यांविषयी चौकशी करावी.

ताजा कलम म्हणून ताईंनी शेजारच्या चाचींसाठी विचारले आहे: रमजानमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करायचे? दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा इफ्तारनंतर घेता येते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर दिवसभराच्या निर्जळी उपवासात अशक्तपणा व चक्कर येण्याचा संभव असतो. तिची वेळ वा मात्रा बदलावी लागते. चाचींना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकारही असेल, तर रोजे ठेवावेत की नाही, हेच आधी डॉक्टरांना विचारावे लागेल. ही भेट रमजानच्या महिनाभर आधी घ्यावी, म्हणजे बदललेल्या वेळेवर रक्तदाब कसा राहतो, ते पाहायला अवधी मिळतो.