शर्यतीचें व्यसन

संस्कृतांत ‘व्यसन’ शब्दाचे आसक्ति व संकट असे दोन्ही अर्थ आहेत. हौशी शर्यतपटु लुई झ्बोरोवस्की याची हकीगत वाचतांना हें मला वारंवार आठवलें. त्याचे वडील याच नादांत, १९०३ सालीं फ्रान्समध्यें ला तुर्बीच्या चढावर मोटार आदळून वारले. मुलगा तेव्हां ८ वर्षांचा. पुढें १६ व्या वर्षीं आईहि गेली व अपार संपत्ति हातीं आली.

ती त्यानें वेगावर उधळली. जुन्या मर्सिडिजच्या सांगाड्यावर आकाशयानाचें २३ लिटरांचें एंजिन चढवून त्यानें ‘चिट्टी बँग बँग’ ही अजस्र गाडी बांधविली. १९२१ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्सला तिनें शर्यती जिंकल्या. खर्च स्वतःचा, धोकाहि स्वतःचा. (त्याच्या पत्नीला मात्र असें म्हणतां आलें नसतें.) माझ्या वर्गांत असता तर मीं त्याला रागावलोंच असतों, पण हकीगत हातावेगळी करवेना.

१९२४ च्या ऑक्टोबरांत इटलींतील मोंझा येथें गाडी झाडावर आदळून तो गेला, वय २९. त्याची आणखी एक प्रचंड गाडी पॅरी थॉमसनें घेतली व तिचें नांव ‘बॅब्ज’ ठेविलें. १९२६ सालीं वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर तिनें ताशीं १७१ मैलांचा विक्रम केला. १९२७ सालीं तेथेंच, तिच्यांतच थॉमस मेला. गाडी वाळूंत पुरून टाकण्यांत आली.

१९६९ सालीं एका वेल्श अध्यापकानें ती उकरून काढली, आणि कित्येक वर्षें खपून पुन्हां धांवती केली.