आधी बघायचं, मग शिक्षा द्यायची

आमच्या मंगरूळपीरच्या मामूंनी ‘पाकीजा’ किती वेळा पाहिला, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. तरुणपणी अकोल्याला जाऊन टॉकीजमध्ये पाहिला, मग व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला, आता मोबाइलवर पाहतात. याच मामूंनी यंदा त्यांच्या नातीचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं नाव कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या नाचाच्या यादीतून काढायला लावलं. म्हणाले, “शरीफों की बच्चियां नाचती नहीं.” मी समोर बसून चहा पीत होतो. काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, म्हणून आता लिहितोय.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी बॉलरूम नाच करतो. वाशीम जिल्ह्यात हे वाक्य उच्चारलं की समोरच्याला आधी क्रिकेट आठवतं. नोकरीनिमित्त पुण्यात होतो तेव्हा बायको आणि मी शनिवार-रविवारच्या क्लासला जायचो. आता कारंज्यात दिवाण भिंतीला सरकवतो, पडदे ओढतो आणि नाचतो. पडदे ओढतो हेही लिहायलाच हवं. वॉल्ट्झचे तीन ठोके मला पहिले तीन आठवडे समजले नव्हते. एकदा लक्षात आलं की हा तर आपला दादरा, सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. त्यानंतर पाय आपोआप पडायला लागले.

दुसरी गोष्ट. ज्यांना दीनच्या आधाराने नाच गैर वाटतो आणि म्हणून जे पाहतही नाहीत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचं बोलणं आणि वागणं एक आहे. माझं भांडण आहे ते पाहणाऱ्यांशी. तीन तास डोळे भरून पाहायचं आणि बाहेर आल्यावर नाचणारीचा घाट वेगळा, पाणवठा वेगळा. आणि हे त्यांना शिकवलं कोणी? माझ्या मते नाचाच्या सिनेमांनीच.

१९७२ साल घ्या. त्या एकाच वर्षी ‘पाकीजा’ आला आणि ‘पिंजरा’ही आला. एक लखनवी तहजीबचा, दुसरा आपल्या मराठी मातीतला. एकात कोठा, दुसऱ्यात फड. पण गोष्ट दोन्हीकडे तीच: नाच म्हणजे खड्डा, त्यात जो उतरेल तो गेला. ‘पाकीजा’तली साहिबजान शेवटी काचांवर नाचते, पाय रक्ताळतात आणि तेव्हा कुठे ती आपल्या नजरेत ‘पाक’ होते. ‘पिंजरा’तला मास्तर फडाच्या नादी लागतो आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. शांतारामबापूंनी हा साचा जर्मन ‘ब्लू एंजल’वरून घेतला होता, म्हणजे हा ढोंगीपणा काही एकट्या आपला नाही. पण आपण तो फार प्रेमाने वाढवला. ‘नटरंग’ (२०१०) मला आवडतो, अतुल कुलकर्णींच्या कामाला तोड नाही. तरीही बघा, गुणाने नाच्याचं सोंग घेतलं म्हणून त्याच्यावर काय काय गुदरतं. बलात्कार, बायकोचं तुटणं, गावातली बदनामी. कादंबरीकार आनंद यादवांना समाजाचं क्रौर्य दाखवायचं होतं, हे मान्य. प्रेक्षक मात्र दोन लावण्यांवर शिट्ट्या मारतो आणि घरी जाताना एवढंच घेऊन जातो की या नादाला लागू नये.

यात एक गंमत आहे, कडू गंमत. ‘पाकीजा’तलं प्रेम सुरू होतं ते पायांवरून. रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या साहिबजानचे पाय पाहून सलीम चिठ्ठी ठेवून जातो. पायांची एवढी तारीफ दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात नसेल. पण शूटिंगच्या वेळी मीनाकुमारी इतक्या आजारी होत्या की काही नाचांत त्यांच्या जागी पद्मा खन्ना नाचल्या. चेहरा एकीचा, पाय दुसरीचे. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “झूठ.”

झूठ नाही. आणि पायांची ही बेपर्वाई पुढे वाढतच गेली. आजचा कुठलाही नाचाचा सिनेमा लावा आणि घड्याळ घेऊन बसा. एक पाऊल पुरं पडायच्या आत दृश्य तुटतं. कंबर, ओठ, घाम, टाळ्या पिटणारी गर्दी, पुन्हा कंबर. पाय कुठे आहेत? फ्रेड अ‍ॅस्टेअर हट्ट धरायचा की नाचताना आपण डोक्यापासून बुटापर्यंत दिसलो पाहिजे आणि मध्ये कात्री कमीत कमी चालली पाहिजे. कारण नाच खरा असेल तर लपवायचं काय? जोडीच्या नाचात तर सगळं काम खालीच असतं. वजन कुठल्या पायावर आहे, समोरची व्यक्ती मागे सरकायला तयार आहे की नाही, तिच्यासाठी अर्धा ठोका थांबायचं की नाही. हे कापून टाकलं की उरतं ते नुसतं अंग. नुसतं अंग दाखवायचं आणि मग त्या अंगाची लाज वाटते म्हणून शिक्षा द्यायची, हे दोन्ही एकाच डोक्यातून येतं.

याला उत्तर म्हणून हल्ली स्पर्धेचे सिनेमे निघालेत. ‘एबीसीडी २’ (२०१५) वसई-नालासोपाऱ्याच्या खऱ्या पोरांवर बेतलेला. पण तिथेही पोराने जग जिंकलं तरच त्याचा नाच माफ. ट्रॉफी नसेल तर तो वाया गेलेला.

साध्या माणसाला साधेपणाने नाचू देणारा सिनेमा पाहायचा तर मी मासायुकी सुओ यांचा जपानी ‘शाल वी डान्स’ (१९९६) सांगेन. ऑफिसातला हिशेबनीस, रोज लोकलने घरी जाणारा, क्लासच्या खिडकीत उभी बाई पाहून बॉलरूम शिकायला लागतो आणि बायकोपासून लपवतो. बायकोला संशय येतो, ती मागे डिटेक्टिव्ह लावते. जपानमध्ये नवरा-बायकोने चारचौघांत हात धरणंसुद्धा अवघड, म्हणून ही गोष्ट उभी राहते. हॉलीवूडने २००४ मध्ये रिचर्ड गेअरला घेऊन तीच पुन्हा केली आणि ती पांचट झाली, कारण शिकागोत पडदे ओढायची गरज कोणाला? कारंज्यातल्या माणसाला मात्र जपानी सिनेमाचं अक्षर न् अक्षर कळतं.

आणि आपल्याकडे? आहे ना. भगवानदादा. जन्म अमरावतीचा, म्हणजे आपल्याच वऱ्हाडचा. वडील गिरणी कामगार. बेढब, जाडसर, हिरोपणाची एक खूण अंगावर नाही. ‘अलबेला’त (१९५१) हा माणूस गीता बालीसमोर नुसता पाय घासत, खांदे हलवत डुलतो आणि कॅमेरा ते पाहू देतो. सी. रामचंद्रांनी बोंगो, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवले; गोव्याचा चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरच हजर. दोघं एकमेकांकडे बघून नाचतात, एकमेकांचा ठोका झेलतात. क्लासमध्ये मास्तर आम्हाला महिनोन्‌महिने जे शिकवत होते ते हेच. या नाचाबद्दल कोणाचे पाय रक्ताळत नाहीत.

माझे काही पुरोगामी मित्र म्हणतात, अरे, कोठ्याचे सिनेमे म्हणजे तुमची मुस्लिम संस्कृती! मेहरबानी. माझ्या घराण्यात कोणी नवाब नव्हता; आजोबा कापसाच्या गाड्या भरायचे. मराठी मुसलमानाचं नाचगाण्याशी नातं शोधायचं तर जेजुरीच्या सगनभाऊंकडे जा. धंद्याने शिकलगार, धर्माने मुसलमान, आणि पेशवाईच्या अखेरीस लावणी रचणाऱ्या थोर शाहिरांपैकी एक. नाही तर सरोज खान यांच्याकडे जा. निर्मला म्हणून जन्मल्या, स्वतःच्या मर्जीने मुसलमान झाल्या, लहानपणापासून नाचून घर चालवलं. फिल्मफेअरला नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक सुरू करायला १९८९ साल उजाडलं आणि ते पहिलं पारितोषिक ‘तेजाब’साठी त्यांना मिळालं. त्याआधीची कित्येक वर्षं नाचवणारे होतेच, फक्त बक्षीस नव्हतं. या दोघांवर सिनेमा काढा की. झुंबर फोडायचा खर्चही वाचेल.

परवा मंगरूळपीरला गेलो तेव्हा मामूंच्या मोबाइलवर ‘अलबेला’ लावून दिला. आधी म्हणाले, “ये क्या मोटा आदमी.” मग चष्मा पुसला. दुसऱ्या गाण्याला मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “आवाज बढ़ा जरा.” भाची दारात उभी राहून बघत होती. तिचं गॅदरिंग होऊन तोवर बारा दिवस झाले होते.