आठ तासांत दडलेले दोन तास

सुट्या लागल्या की नागपुरात घरोघरी तोच हिशेब मांडला जातो: पहाटे पाचला शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर लागलो, तर मुंबईत किती वाजता? ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. ‘नागपूर–मुंबई आठ तासांत’ हे त्याचं ब्रीद. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने अख्खा रस्ता कापला, तर सहा तासांना दहा मिनिटं कमीच लागतात. इगतपुरीकडच्या बोगद्यांच्या टप्प्यात वेग आवरावा लागतो, ते धरलं तरी आठ तासांच्या हिशेबात दोनेक तास शिल्लक राहतात. सरकारी आकड्यातच थांबण्याची सोय आहे. आपण मात्र ते दोन तास ‘वाचवलेला वेळ’ समजून मुंबईच्या खात्यात टाकतो, आणि सहलीचा अख्खा दिवस मालवाहतुकीसारखा उरकतो. सहकुटुंब प्रवासात हे दोन तास वाटेतल्या गावांना द्यायला हवेत, आणि ते देता येतील अशी सोय रस्ते विकास महामंडळाने करायला हवी.

पहिलं कारण निव्वळ शरीराचं. समृद्धी सरळ आहे. काचेपुढे तासन् तास तोच पांढुरका काँक्रीटचा पट्टा, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मध्येच डोक्यावरून जाणारा पूल. वळण नाही, बैलगाडी नाही, हॉर्न वाजवायचं कारण नाही. डोळे उघडे असतात, पण मेंदू कामावर नसतो. यालाच हायवे हिप्नोसिस म्हणतात, आणि नागपूरच्याच व्हीएनआयटीतल्या अभ्यासाने या रस्त्यावरच्या अपघातांबाबत त्याकडे बोट दाखवलं होतं. (१ जुलै २०२३ला सिंदखेड राजाजवळ खासगी बस जळून २५ जण गेले. त्याच्या कारणांवरून बरेच वाद झाले, म्हणून तो अपघात इथे पुरावा म्हणून वापरत नाही.) १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पगारी चालकाला सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, अशी तरतूद होती. युरोपात साडेचार तासांच्या चालवण्यानंतर ४५ मिनिटं सक्तीची. घरची गाडी हाकणाऱ्या बाबांना मात्र कुठलाच कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी नियम एकच, ‘आता थेट शिर्डीलाच थांबू’.

दुसरं कारण रस्त्याच्या नावात आहे. समृद्धी कोणाची? वाटेतल्या गावांची व्हायची, तर वाहनं तिथे थांबायला हवीत. तुलनेला कॅनडाचा गवताळ मैदानी प्रदेश घ्या. सस्कॅचेवानमधून मोटारीने जाताना दिवसभर सपाट शेतंच दिसतात. पण तिथे रेल्वे टाकली गेली तेव्हा शेतकऱ्याला घोडागाडीत धान्य घालून दिवसाउजेडी परत येता यावं, अशा अंतरांवर स्टेशनं आणि धान्याची उंच कोठारं उभी राहिली, आणि त्यांच्याभोवती गावं वसली. वऱ्हाडातही कापसासाठी धावलेली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जायची. चाल गोगलगाईची, पण ती गावागावांत थांबायची. समृद्धी दहा जिल्ह्यांतून जाते, त्यासाठी ३९२ गावांची जमीन गेली, आणि आपण त्यांच्या धुऱ्यावरून १२०ने निघून जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ज्याला गावं बघायची त्याने जुन्या रस्त्याने जावं, द्रुतगती मार्ग वेगासाठीच असतो. रुग्णवाहिकेला आणि संत्र्याच्या ट्रकला हे शंभर टक्के लागू, त्यांना कोणी अडवू नये. पण सहलीवाल्यांना जुना आणि नवा असा निवाडा करायची गरजच नाही. इथला टोल जितकं अंतर तितका, त्यामुळे इंटरचेंजला उतरून पुन्हा वर चढलं म्हणून पूर्ण प्रवासाचे पैसे दोनदा पडत नाहीत. मेहकरला उतरलं की लोणार पंचवीसेक किलोमीटर. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बघायला परदेशातून लोक येतात, नागपूरकर शेजारून निघून जातात. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. कारंजा लाड नृसिंह सरस्वतींचं. आणि वर्धा तर घरापासून तासाभरावर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: थांबायचं कुठे? डिसेंबर २०२२ला नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा पेट्रोल, जेवण आणि स्वच्छतागृहांसाठी लोकांचे हाल झाले होते, आणि लहान मूल किंवा म्हातारी आई सोबत असली की वडापावापेक्षा नळाच्या पाण्याची किंमत जास्त असते. सोयी हळूहळू वाढल्या, पण पंप आणि बर्गर एवढ्यानेच थांबा होत नाही. इंटरचेंजच्या फलकावर नुसतं गावाचं नाव असतं. ‘लोणार सरोवर, अर्धा तास’ एवढी एक ओळ लिहायला किती खर्च येतो? शेजारी बचत गटाच्या बायांना झुणका-भाकरीची टपरी आणि हिवाळ्यात संत्र्यांचा ढीग लावायला चार हात जागा दिली, तर जमीन गेलेल्या गावातलं कोणीतरी त्या रस्त्यावर निदान गल्ल्यावर बसलेलं दिसेल.