घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणाऱ्या माणसाला आपल्याकडे सुखी समजतात. लग्नाच्या बिऱ्हाडी कोणी घोरू लागला की बाकीचे हसतात, घरचे त्याला कुंभकर्ण म्हणतात. आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत फायलींवर पेंगू लागला की त्याच्यावर आळसाचा शिक्का बसतो. रात्रीचे घोरणे आणि दिवसाचे पेंगणे यांचा काही संबंध असेल आणि त्यामागे आळस नसून आजार असेल, अशी शंका फारशी कोणाला येत नाही. खुद्द रोग्याला तर ती येणे कठीणच. कारण आजाराचे सारे नाट्य घडते तेव्हा तो झोपलेला असतो.

या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात; ज्यांचा श्वसनमार्ग मुळात अरुंद असतो किंवा मेदामुळे अरुंद झालेला असतो, त्यांच्या बाबतीत तो मिटतो. छाती श्वासासाठी धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवणही उरत नाही. किमान १० सेकंदांचे असे अडथळे तासाला ३० किंवा अधिक वेळा आले तर विकार तीव्र मानतात. असा मनुष्य आठ तास अंथरुणात पडूनही थकलेलाच उठतो. त्याचा रक्तदाब वाढण्याचा आणि वाहन चालवताना त्याचा डोळा लागण्याचा धोकाही अधिक असतो.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगले. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये लिहिलेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ, सदा पेंगणारा मुलगा आहे. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्या कादंबरीचे नाव एका रोगलक्षणसमूहाला दिले. परंतु झोपेत श्वास कसा अडतो याची नोंद फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी १९६५ मध्ये केली. दिवसा तपासून जे कळले नव्हते, ते रोग्याशेजारी रात्र जागून काढल्यावर कळले. पुढील काही वर्षे गंभीर रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रोग्यांचा वृत्तांत दिला. नाकावाटे सौम्य दाबाची हवा सतत सोडून त्यांनी मिटणारा मार्ग उघडा ठेवला होता. ‘सीपॅप’ नावाने हाच उपचार आज सर्वत्र प्रमुख मानला जातो.

हा केवळ पाश्चात्त्यांचा आजार आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, दिवसाच्या पेंगेसह हा विकार असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेसात टक्के, म्हणजे तेरा-चौदा जणांत एक असे होते. स्त्रियांनाही तो होतो. मात्र घोरण्याची लाज त्यांना अधिक, म्हणून तक्रार कमी. मुलांत टॉन्सिल वाढल्याने तो उद्भवतो. अशी मुले पेंगण्यापेक्षा चुळबूळच अधिक करतात. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी तो रात्री कसा झोपतो, हे शिक्षकांनी पालकांना अवश्य विचारावे.

तथापि यंत्र विकत घेतले म्हणजे रोग गेला, असे नाही. हृदयविकार किंवा मेंदूतील रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सीपॅपने पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली. हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके मात्र घटले नाहीत. पण हे रोगी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुखवटा चेहऱ्यावर नीट बसतो की नाही, रोगी तो लावतो की कपाटात ठेवतो, याची महिनोन्‌महिने विचारपूस करणे हाही उपचारच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपाटाइड या वजन घटविणाऱ्या औषधाला लठ्ठ रोग्यांतील या विकारासाठी मान्यता मिळाली. ही आशादायक गोष्ट होय. पण निदानच झाले नाही तर औषध द्यायचे कोणाला?

खरी अडचण येथेच आहे. आता अनेक रोग्यांची तपासणी घरी लहान उपकरण बांधूनही होऊ शकते. ती सरकारी रुग्णालयांतून सामान्य पगारदाराला परवडेल अशा दरात मिळाली पाहिजे. बस व ट्रक चालवणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत दृष्टीइतकेच झोपेलाही महत्त्व दिले पाहिजे. त्यांच्या पेंगेची किंमत इतरांनाही मोजावी लागते. आणि या रोगाचा पहिला साक्षीदार घरातच असतो. घोरता घोरता मध्येच पसरणारी शांतता त्याने ऐकलेली असते. ती शांतता म्हणजे विश्रांती नव्हे. तेव्हा श्वास थांबलेला असतो. सकाळी त्यावर थट्टा करण्याऐवजी ती गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तर निम्मे निदान तेथेच होईल.