विधानसौधसमोरचा फोटो

बंगळुरूत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात मी विधानसौधसमोर उभं राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. आईनं तो वस्तीभर दाखवला. आपल्यातल्या अनेकांकडे असा एक फोटो असतो, मंत्रालयासमोरचा नाहीतर विद्यापीठाच्या कमानीखालचा. पोरगं पोचलं, याचा पुरावा.

उत्सव गोनवार यांच्या 'फोटो' या कन्नड चित्रपटातल्या दुर्ग्याला एवढंच हवंय. रायचूर जिल्ह्यातल्या खेड्यातला हा मुलगा बंगळुरूत बांधकामावर राबणाऱ्या बापाकडे येतो आणि टाळेबंदी लागते. काम बंद, गाड्या बंद. बापलेक पायी गावाकडे निघतात, तिकडे आई वाट बघत राहते. कमी पैशांत केलेला हा चित्रपट मार्च २०२४ मध्ये थिएटरात लागला. प्रकाश राज पाठीशी उभे राहिले म्हणून निदान तेवढं तरी झालं.

अशा चित्रपटाला 'हृदयद्रावक कौटुंबिक कथा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. या कुटुंबावरचा ताण घरात तयार झालेला नाही, त्याला तारखा आहेत. २४ मार्च २०२०, रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. ५ मे रोजी मुख्यमंत्री येडियुरप्पांची बिल्डरांशी बैठक झाली आणि मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या राज्य सरकारनं रद्द करायला लावल्या. बांधकामं सुरू करायची होती. मजूर गेले तर विटा कोण उचलणार? टीकेची झोड उठली तेव्हा निर्णय फिरवला. इमारतीवर कोरलंय, सरकारी काम म्हणजे देवाचं काम. समोरच्या रस्त्याचं नाव आंबेडकर वीधी.

आणि जात? ती मला नावातच ऐकू येते. 'फँड्री'तला जब्या, इथला दुर्ग्या. हा 'या' आईच्या तोंडी लाडाचा असतो, मालकाच्या तोंडी नाही. पाटलाच्या पोराला गडी अशी हाक मारू शकेल का?

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की, टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नाही. ज्यांची मोजणीच झाली नाही, त्यांच्यासाठी एका दिग्दर्शकाला चित्रपट काढावा लागला. पदव्या आपल्याकडेही आहेत. घरातलं कोण चाललं, कुठून निघालं, वाटेत कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही, हे आपण विचारून तारखेसकट लिहून ठेवायला हवं. माझा चुलता पुण्याहून चालत आला होता. स्थलांतरावरची कितीतरी पुस्तकं मी वाचली, त्याला मात्र अजून नीट विचारलेलं नाही. दिवाळीला जाईन तेव्हा वही नेणार आहे.