एका ओळीत पुरलेली वृत्तपत्रे



ग्रंथालयाच्या तालिकेत ‘जनता, साप्ताहिक, मुंबई, अपूर्ण’ एवढी ओळ लिहिली की आमच्या वृत्तपत्राची नोंद झाली, असे मानण्याची वहिवाट पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पंचवीस वर्षांचे शेकडो अंक त्या एका ओळीखाली निजलेले आहेत. कोणता अंक शिल्लक आहे, कोणत्या अंकात कोणत्या गावची हकीकत आहे, कोणाचे पत्र आहे, यांपैकी एकाही प्रश्नास ती ओळ उत्तर देत नाही. आणि ‘अपूर्ण’ हा शब्द तर किती सोयीचा! उद्या एखादा अंक कपाटातून नाहीसा झाला, तरी तालिका पूर्वीइतकीच खरी राहते.

आपल्या कंधारात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा दहाव्या शतकातील शिलालेख सापडला. विद्वानांनी तो ओळीओळीने वाचला, त्यातील देवळे व दाने टिपून ठेवली. योग्यच केले. परंतु राजाच्या दगडास जी निगा मिळते, ती आमच्या बापजाद्यांच्या कागदास का मिळू नये? हजार वर्षांपूर्वीची दाने आपण नावानिशी सांगू शकतो. आणि विहिरीवर पाणी भरले म्हणून मार खाणाऱ्या माणसाचे नाव छापील असूनही सापडत नाही.

यात लेखकत्वाचाही प्रश्न गुंतलेला आहे. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. कारण बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. आरंभीचे अग्रलेख त्यांनी लिहिले, पण त्यांवर त्यांची सही नाही. जुलै १९२० मध्ये ते लंडनला गेले. तेव्हा निनावी मजकूर कोणाचा, हे ठरविण्यास अंकाची तारीख हाच पहिला आधार होय. जी तालिका तारीखवार अंक मांडीत नाही आणि लेखांची नावे देत नाही, ती बाबासाहेबांचे लेखन दुसऱ्याच्या नावावर चढवील किंवा दुसऱ्याचे त्यांच्या नावावर. तसेच ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या विशेषांकाचे. नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या तेरा दिवसांनी निघालेल्या त्या अंकास वेगळी नोंद नसावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आम्ही वकिली करतो, म्हणून पुराव्याविषयी स्पष्ट बोलतो. वृत्तपत्रातील बातमी म्हणजे सिद्ध वस्तुस्थिती नव्हे. ती ऐकीव पुरावा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमानेही हे बदललेले नाही. मग बातमी शोधून लाभ काय? लाभ असा की बातमी गाव सांगते, तारीख सांगते, ठाणे सांगते. तेवढा धागा हाती आला की मूळ कागद मागता येतो. मराठवाड्यात हे अधिकच खरे. आमचे जुने कागद निजामी अमलातील, बहुधा उर्दूत. आणि जातप्रमाणपत्रासाठी तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांस केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण कागद शोधण्याचे ओझे कुटुंबावरच राहिले.

१९७८ चे उदाहरण घ्या. नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. त्यांचे नाव चळवळीने जपले. परंतु ज्यांची फक्त घरे जळाली, जे रातोरात गाव सोडून गेले, त्यांची हकीकत जिथे छापली गेली ती पत्रके व पाक्षिके आज कोण गावाच्या नावाने काढून दाखवील?

यावर तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले, शासनाने खंड काढले आहेत. काढले, १९७९ पासून. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ १९९० साली एका खंडात आले. मात्र पुढे मुद्रण रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयास डिसेंबर २०२१ मध्ये आपण होऊन दखल घ्यावी लागली. शिवाय ते खंड मुख्यतः बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे. खेड्यातून पत्र धाडणाऱ्या सामान्य माणसाचे नव्हेत. दुसरे उत्तर, आता सर्व पाने संगणकावर चढतील. चढू द्या. झिजलेल्या खिळ्यांची अक्षरे यंत्रास नीट वाचता येत नाहीत, आणि नोंदीवाचून हजार छायाचित्रे म्हणजे हजार पानांचा ढीगच. तिसरे, माणसे नाहीत. विल्यम पूल याने अमेरिकेत येल येथे विद्यार्थी असतानाच नियतकालिकांतील लेखांची सूची केली आणि १८४८ मध्ये ती छापून निघाली. आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थी नाहीत काय?

नोंद अशी व्हावी: पत्राचे नाव, वर्ष, अंक, तारीख, संपादक, मुद्रक, पृष्ठे, गहाळ वा फाटकी पाने. त्याखाली प्रत्येक लेखाचे शीर्षक, छापलेली सही जशीच्या तशी, त्यातील गावे, माणसे, विषय. सही नसेल तर ‘निनावी’ लिहावे. आपला तर्क वेगळ्या रकान्यात, कारणासह. विषयाचा क्रमांकही डोळसपणे द्यावा. ड्यूई वर्गीकरणात बौद्ध धर्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५. धर्मांतराचा लेख दुसऱ्या क्रमांकाखाली गेला, तर कागदावर आमचे धर्मांतर रद्दच झाले म्हणायचे!

ज्यांच्या घरी ट्रंकेत जुने अंक असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. ग्रंथालयास द्यावयाचे तर प्रथम वरीलप्रमाणे यादी करावी, तिच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर ग्रंथपालाची सही व शिक्का घेऊन ती आपल्यापाशी ठेवावी.