इग्वाना शांत नसतो, घाबरलेला असतो



इग्वाना आणि मांजर एकाच खोलीत मोकळे सोडले तर त्यांची आपोआप गट्टी जमते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला धोकादायक वाटते. मांजर समोर असताना इग्वाना डोळे मिटून निश्चल बसतो, याला त्यांनी विश्वास म्हटले आहे. प्रत्यक्षात डोळे मिटणे आणि गोठून बसणे ही बहुधा भीतीची लक्षणे असतात. या प्राण्याला पळायला उंच फांदी लागते. ती नसेल तर तो दुसरे काय करणार?

मांजराने खेळता खेळता मारलेला ओरखडाही क्षुल्लक नसतो. मांजराच्या दातांत-नखांत पाश्चुरेला हे जिवाणू असतात आणि बारीकशी जखमही चिघळू शकते. उलट बाजूही आहे. पूर्ण वाढलेला नर दीड मीटरपर्यंत लांब होतो आणि विणीच्या काळात आक्रमक बनतो. त्याच्या शेपटीचा फटका मांजराच्या डोळ्याला इजा करू शकतो.

खाण्याची भांडी तर वेगळीच हवीत. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. मांजराचे प्रथिनयुक्त खाद्य सतत पोटात गेले तर त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्याच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात धुऊ नये.

गेल्या अंकातील त्या पत्रात नोंदणीचा उल्लेखच नाही. हिरवा इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

— एक वाचक, पुणे